श्वास धरा

कॅसेट एकच निघाली त्यांची.
नऊ गाणी, कव्हरवर फुटकं मडकं,
खाली बँडचं नाव: उष्माघात.
बर्डीवरून अठ्ठावीस रुपयांना आणली,
बसपासचे पैसे मोडून,
आणि महिनाभर अजनीपर्यंत पायी गेले.

गोळीबार चौकात, विणकराच्या एका खोलीत,
भर मे महिन्यात रेकॉर्ड केलेली.
कूलर बंद करायला कुणी तयार होईना म्हणे,
म्हणून सगळ्या गाण्यांच्या तळाशी त्याची घरघर,
वाळ्यावरून ठिबकतं पाणी.
ड्रमवरचा ऑस्टिन रेल्वे क्वार्टरातला,
ठेका मात्र मागाचा:
खटक् खट, खटक् खट,
धोटा इकडून तिकडे.
तिसऱ्या गाण्यानंतर कुणीतरी खोकतं.
सातव्यात, शेवटच्या कडव्याआधी,
गायक थांबतो.
चार मात्रा नुसता कूलर.
तेवढ्यात आम्ही सगळे श्वास धरायचो.

आम्ही सगळे म्हणजे किती?
फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला शेजारच्या टेबलावर
कुणीतरी बोटांनी खटक् खट करत होतं,
तेव्हा कळलं, निदान दोघी.
मंदाकिनी निनावे. तिच्या लग्नात
वरातीच्या बँडवाल्याला शंभराची नोट दिली,
म्हटलं, हे वाजवा.
वाजवलं बिचाऱ्यांनी, जमेल तसं.
चार मात्रांशी ते थांबले नाहीत,
पण भर रस्त्यात आम्ही तिघी-चौघी
हात वर धरून
पुतळ्यासारख्या उभ्या.
मागून काका ओरडले, काय झालं बे पोरींना?

त्याआधीच मिल बंद झाली होती.
बाबा लॉकरची चावी बोटात फिरवत बसायचे.
आईनं रडून घेतलं ते मोरीत, नळ सोडून.
मी गाण्याचा आवाज वाढवला
आणि कुणी कमी कर म्हटलं नाही.

पुढे नवऱ्याचा वर्धा रोडवर अपघात,
आयसीयूबाहेर एकोणीस रात्री.
तोवर टेपनं कॅसेट खाल्ली होती,
पेन्सिलीनं गुंडाळून, चिकटपट्टी लावून जोडलेली.
पाचव्या गाण्यात एक शब्द गेला कायमचा.
मनातल्या मनात म्हणतानाही
मी तिथे अडखळते.
तो शब्द मंदाला ठाऊक आहे.
विचारत नाही.
नवरा उठला, चालतो थोडा वाकडा.
एप्रिलात पहिल्यांदा कूलर लावला की अजून
मान आपोआप वळते:
आता सुरू होईल.

मेडिकलच्या एक्स-रे खोलीत
माझी बावीस वर्षं गेली.
श्वास घ्या, धरा, सोडा.
दिवसाला शंभर छात्या, कधी दीडशे.
परवा फॉर्मवर नाव:
भोजराज हेडाऊ, वय अठ्ठावन्न, खोकला दोन महिने.
नाव वाचलं, तेवढ्यात बाहेर
तो खोकला.

शर्ट काढून उभा राहिला.
बरगड्या मोजता येतील असा माणूस,
पाठीला बनियनचा वळ.
हनुवटी वर, खांदे पुढे, म्हटलं.
श्वास घ्या.
धरा.
एरवी मी आकडे मोजत नाही.
त्या दिवशी खटक् खट, खटक् खट
चार मात्रा,
मग बटण.
सोडा.

त्यानं वळून पाहिलं.
मी म्हटलं, तिसऱ्या गाण्यानंतरचा खोकला
ऐकूनच ओळखलं तुम्हाला.
शर्टाची बटणं लावत म्हणाला,
तो? तो माहा नोहे मॅडम.
तो ऑस्टिनचा. मी तं हसू दाबून राहिलो होतो.
गल्लीत काकडीवाला आला होता,
अन् ऑस्टिन ड्रमवरूनच भाव विचारून राहिला होता.

तीस वर्षं मी भलत्याच माणसाचा खोकला
जपला म्हणायचा.

फिल्म लावली. उजेडात
त्याची छाती, दोन्ही बाजू.
डावीकडे खाली एक ठिपका.
मला वाचता येतं, लिहिता येत नाही,
रिपोर्ट डॉक्टर देतात.
पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.
दारापर्यंत जाऊन तो परत आला,
म्हणाला, तुमच्याकडे आहे का ती कॅसेट?
माह्याकडे नाई उरली.

आहे, म्हटलं. एक शब्द गेलाय.
कोणता?
पाचव्यातला.
तो बराच वेळ छताकडे बघत उभा राहिला,
ओठ हलवत,
बाहेर लाइन वाढत होती.